साहेबांच्या पार्टीतला उतारा

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि दारूही आहे. दोघी सख्ख्या जावांसारख्या एका घरात नांदतात, एकमेकींकडे बघत नाहीत एवढंच. बाटली लपवायला गडचिरोलीत जागा पुष्कळ. तणसाच्या ढिगात, मोटरसायकलच्या डिकीत, ऑफिसच्या जुन्या फायलींमागे. लपवता येत नाही तो चखना. संध्याकाळच्या वेळी एखाद्या सभ्य माणसाने किराणा दुकानात फुटाणे, तिखट शेव आणि दोन लिंबं एकदम मागितली, की दुकानदार तराजू खाली ठेवून विचारायचा, "काय भाऊ, पाहुणे आले वाट्टे?" मागचं गिऱ्हाईक उगाच खोकायचं. म्हणून शहाणी माणसं फुटाणे एका दुकानातून घ्यायची, शेव दुसऱ्या, आणि लिंबं बायकोला आणायला लावायची.

अशा गावात मला एका कॉकटेल पार्टीचा चखना ठरवायचं काम मिळालं.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी एका सरकारी ऑफिसात कारकून होते. चामोर्शीकडच्या आमच्या गावातली मी पहिली ग्रॅज्युएट. बायांमधली पहिली नव्हे, सगळ्यांमधली. हे मी तेव्हाही सांगायची, आताही सांगते, कारण सांगितलं नाही तर लोक बायांमधली असंच धरून चालतात.

आमच्या साहेबांना बढती मिळाली होती. तिच्या आनंदात नागपूर-मुंबईचे मोठे साहेब येणार होते आणि पत्रिकेवर इंग्रजीत 'कॉकटेल्स अँड डिनर' छापलं होतं. बंगल्यावर प्यायची सोय नव्हती. साहेब कायदा पाळणारे. दरवर्षी शाळेच्या पोरांना हात पुढे करायला लावून ते स्वतः व्यसनमुक्तीची शपथ देत. म्हणून पार्टी वैनगंगेचा पूल ओलांडून पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात, एका लाकडाच्या ठेकेदाराच्या फार्महाऊसवर ठरली. पुलाच्या या टोकाला गुन्हा, त्या टोकाला संस्कृती.

साहेबांच्या मॅडमनी मला बंगल्यावर बोलावलं. "तुम्ही इथल्या आहात, आणि तरी ग्रॅज्युएट आहात," त्या म्हणाल्या. "स्टार्टर्सचं तुम्हीच बघा." तो 'तरी' मी ऐकला आणि जपून ठेवला.

निघताना साहेब व्हरांड्यात भेटले. "बाई, सिरोंच्याला एक जागा भरायची आहे. नाव अजून वर गेलेलं नाही. पार्टी नीट होऊ द्या, मग बघू."

हे 'मग बघू' मला नीट कळलं. सिरोंचा म्हणजे जिल्ह्याचं शेवटचं टोक. सकाळच्या बसने निघायचं, अंग मोडून संध्याकाळी उतरायचं, आणि उतरल्यावर तेलुगू ऐकायचं. बाबा गेल्यावर मी आईला मोठ्या मिनतवारीने गडचिरोलीला माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत आणलं होतं. तिची एकच अट होती, "सकाळी गावाले जाऊन दिवस बुडाच्या आत वापस येता आलं पायजे. त्याच्या पुढं मी येत नाई." माझी बदली झाली तर ती गावातल्या रिकाम्या घरात एकटी आणि मी गोदावरीकाठी एकटी. म्हणजे आईचं आणि माझं एका चुलीवर शिजायचं की दोन, हे आता साहेबांच्या पाहुण्यांना काय खायला आवडतं त्यावर ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम कात्रणं घेऊन बसल्या. मॅडम मराठी घरातल्याच, पण शाळा कॉन्व्हेंटची. कात्रणं इंग्रजी मासिकाची.

"स्टार्टर्स कसे हवेत, तर भूक लावणारे," त्या वाचून सांगू लागल्या. "आणि फिंगर फूड."

"म्हणजे बोटांनी खायचं?"

"करेक्ट."

आमच्या गावात वरणभातही फिंगर फूडच होता, असं मी मनात म्हटलं. नाही, खोटं कशाला, तोंडानेच म्हटलं. मॅडम हसल्या नाहीत.

पहिला नंबर चीज-पाइनॅपलचा. काडीला टोचलेलं चीज, त्यावर अननस, त्यावर लाल चेरी. मी बाजारात गेले आणि मोठ्या दुकानात चीज मागितलं.

"कोणती चीज?" दुकानदार म्हणाला.

"चीज हो."

"अवो बाई, चीज तं पायजे, पर कोणती चीज पायजे ते तं सांगा. साबण, तेल, काय?"

शेवटी चीज नागपूरहून आलं. टोचायच्या काड्याही नागपूरहून आल्या. पाकिटावर बांबूचं चित्र होतं. आमच्याच जंगलातला बांबू ट्रकात बसून गेला आणि दात कोरायच्या लायकीचा होऊन परत आला. पोरं शिकायला बाहेर गेली की काहींचं असंच होतं.

दुसरा पदार्थ मी सुचवला. "सांबारवडी करू."

"सांबार नको," मॅडम म्हणाल्या. "पातळ असतं. कुणाच्या सुटावर सांडलं तर?"

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे समजावण्यात अर्धा तास गेला. समजल्यावर त्या म्हणाल्या, "मग कोथिंबीर म्हणा ना, सांबार काऽय!" जसं काही मी त्यांच्या कोथिंबिरीचं नाव चोरलं होतं.

मग त्यांना ट्रायबल टच हवा झाला. मुंबईच्या पाहुण्यांना जंगलातलं काहीतरी मिळालं पाहिजे, परत जाऊन सांगता येईल असं. हेमलकशाच्या बाजूने लाल मुंग्यांची चटणी मागवता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मागवता येईल, पण तिकडचे लोक ती भूक आणि ताप असताना खातात, फोटो काढून घ्यायला नाही. मग त्या म्हणाल्या, "मोहाचं काही करता येईल?"

"मोहाचं बाटलीतच बरं असते, मॅडम. पण ते पुलाच्या अलीकडे मिळते. तुमची पार्टी पलीकडे आहे."

यावरही त्या हसल्या नाहीत. मग त्यांना एकदम माझा डबा आठवला. आईने दिलेले लाखोळीच्या डाळीचे वडे एकदा साहेबांनी माझ्या डब्यातून खाल्ले होते आणि घरी जाऊन वर्णन केलं होतं. "तेच! तुमच्या आईच करतील ना? ऑथेंटिक होईल." मग जरा थांबून, "पण त्या डाळीने म्हणे पाय जातात?"

"दारूनेही जातात, मॅडम."

"हो, पण ती क्वांटिटीवर आहे."

घरी आले. आई अंगणात अंबाडीचा पाला खुडत बसली होती. दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडू लागली होती. मी तिला म्हटलं, साहेबाकडे कार्यक्रम आहे, तुझे वडे पाहिजेत म्हणतात.

"काहाचा कार्यक्रम?"

"बढतीचा."

"आनखी काय काय हाय?"

मी यादी सांगितली. आई ऐकत होती, हात चालूच.

"भात?"

"भात उशिरा. रात्री अकराला बिर्याणी."

"गोड?"

"नाही."

"पोरंसोरं येऊन राह्यले?"

"पोरांना नाही बोलावलं."

"बाया?"

"येतील, पण वेगळ्या खोलीत बसतील."

"पंगत?"

"उभ्याने खातात, माय."

आईने पाल्याची टोपली बाजूला सारली. "गोड नाई, भात नाई, पोरं नाई, बसाले पाट नाई. अन् तिखट तेवढं गरम पायजे. मंग ह्या चखना होय."

"स्टार्टर म्हणतात त्याला."

"तुह्या बाप 'जरासं तोंडी लावाले' म्हने."

माझे बाबा आणि त्यांचे मित्र आमच्या पडवीत बसायचे. आई चुलीपुढे. 'जरासं तोंडी लावाले' असा आवाज आला की वडे, ते संपले की पापड, ते संपले की डोळे वटारून 'आजून काई हाय का नाई?' तिच्या डाव्या मनगटावर कढईचा डाग आहे, तो त्या काळातला. पुढे गावातल्या बायांनी मिळून दारूची मडकी फोडली, तेव्हा पहिली काठी आईची होती. भाषण दुसऱ्या बाईने केलं. आईला भाषण येत नाही, काठी येते. जिल्ह्यात बंदी आली, पण बाबा काही त्यामुळे सुधारले नाहीत. ते प्यायचे थांबले नाहीत, लांब जाऊन प्यायला लागले. आणि दारूनेच गेले. पण पडवी मोकळी झाली. आई म्हणते, तेवढंही लई होतं.

मी तिला सिरोंच्याचं सगळं सांगितलं. लपवून काय करायचं? म्हटलं, तू नाही म्हण, मी मॅडमला नाही सांगते, जे होईल ते होईल.

आईने पाल्याची टोपली परत पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "नाई काऊन म्हनू? तळतो की. पर माह्या मनानं तळीन."

तिच्या मनात काय आहे ते मला तिच्या पुढ्यातल्या टोपलीवरून कळलं. आमच्या गावात माणूस पिऊन घरी आला की बाया त्याला आंबट खाऊ घालतात. अंबाडीचं पाणी, चिंचेचा कोळ, ताक, जे असेल ते. त्याला म्हणतात उतारा. तलाठ्याकडे मिळतो तो नव्हे. चढलेली उतरवतो तो. आई पाहुण्यांना चढायच्या आधीच उतारा देणार होती. लाखोळीच्या वड्यात डाळीपेक्षा अंबाडी जास्त. सोबत चिंचेची चटणी. कवठाचा गर. मीठ लावलेल्या आवळ्याच्या फोडी. आणि आल्या-आल्या हातात मसाला ताक. मी तिच्या प्रत्येक पदार्थाला हो म्हटलं. ग्रॅज्युएट मुलीची संमती होती, आईच्या एकटीच्या डोक्यावर मी काही ढकलत नाही.

मॅडमना चव आवडली. "टँगी आहे! आणि ताक म्हणजे वेलकम ड्रिंक. सुपर्ब." त्यांना प्रत्येक पदार्थापुढे नावाचं कार्ड ठेवायचं होतं. "या सगळ्या सेटला तुमच्याकडे काय म्हणतात?"

विचारलं तर मी सांगितलं. "उतारा."

"उतारा? शाळेत गद्य उतारा असायचा, तसा?"

"तसाच, मॅडम. हा मद्य उतारा."

"मद्याबरोबरचा! अगदी परफेक्ट." आणि त्यांनी सोनेरी शाईने, वळणदार अक्षरात, कार्डावर लिहिलं: उतारा. खाली बारीक इंग्रजीत, जंगलातला पारंपरिक स्टार्टर. मी ग्रॅज्युएट आहे. मला खोटं बोलायची गरजच पडली नाही.

पार्टीच्या दिवशी जीपमध्ये वाटलेल्या डाळीचे डबे, ताकाची कॅन आणि आई. पुलाजवळ पोलिसांचा नाका होता. तिकडून येणाऱ्या गाड्या तपासायचे, जाणाऱ्या नाही. तरी हवालदाराने डोकं आत घातलं, लांब श्वास घेतला.

"एवढं कुठी चाललं, बाई?"

"पलीकडे."

"वडे पलीकडं, बाटली पलीकडं," तो खिन्नपणे म्हणाला. "आमच्या नशिबात नुस्ता पूल."

आईने त्याला हातात आवळ्याची फोड दिली.

फार्महाऊसवर दिव्यांच्या माळा होत्या. पुरुषमंडळी हिरवळीवर उभी, बायका आतल्या खोलीत कोल्ड्रिंक घेऊन बसवलेल्या. कॉकटेल म्हणजे नेमकं काय, ते मला त्या दिवशी कळलं. चार बाटल्यांतलं एका ग्लासात ओतायचं आणि वर छत्री लावायची. आमच्या गावात असलं कुणी केलं असतं तर 'चढली वाट्टे याले' म्हणाले असते. चीज-पाइनॅपलच्या काड्या ताटात साळिंदरासारख्या उभ्या होत्या, आणि तशाच उभ्या राहिल्या. चेऱ्या तेवढ्या कुणीतरी वेचून खाल्ल्या.

वड्यांचं मात्र तसं झालं नाही. आई मागे शेगडीवर तळत होती आणि ताट बाहेर गेलं की रिकामं परत येत होतं. मुंबईचे मोठे साहेब एका हातात ग्लास घेऊन उभे होते, दुसऱ्या हाताने वडे. चटणी बोटाने चाटत होते. फिंगर फूड. वड्याने ठसका लागला की ताक, ताकाने तोंड आंबलं की कवठ. ग्लास हातातच राहायचा, बर्फ वितळून जायचा. दोघातिघांनी तर ग्लास कुंडीत ठेवून दोन्ही हात मोकळे केले. आमचे साहेब लांबून बघून खूश होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं, गडचिरोली पक्की.

मग तो ठेकेदार आला, फार्महाऊसचा मालक. माणूस ब्रह्मपुरीकडचा, आमच्याच बोलीतला, कोट घालून अवघडलेला. त्याने एक वडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबला. ताकाकडे पाहिलं. आवळ्याकडे पाहिलं. मग कार्ड उचलून मोठ्याने वाचलं, "उतारा." आणि असा हसायला लागला की कोटाचं बटण तुटतं की काय असं झालं.

"साहेब! कोनं ठेवलं हे? अवो, हे तं पेलेल्या मानसाची उतरवाले देतेत! माही माय माह्या बापाले नाक दाबून पाजे!"

मुंबईच्या साहेबांनी एकदा ग्लासाकडे पाहिलं, एकदा वड्याकडे. "म्हणजे एका हाताने चढवतोय आणि दुसऱ्या हाताने उतरवतोय?"

"होय ना! रातभर केलं तरी मानूस जागच्या जागी!"

आंबटाने दारू खरंच उतरते का, ते मला ठाऊक नाही. मी बी. ए. आहे, रसायनशास्त्र माझा विषय नाही. पण ते कळल्यावर मैफिलीची मात्र उतरली. कुणी ग्लास उचलला की शेजारचा म्हणायचा, "राहू द्या, फुकट जाईल." आणि आंबटाने दुसरं एक काम नक्की केलं. सगळ्यांना सडकून भूक लागली. साडेआठला मोठे साहेब म्हणाले, "जेवण लावा."

जेवण कुठून लावणार? बिर्याणी चंद्रपूरच्या एका मुसलमान खानसाम्याकडे दिली होती. वडिलांपासून लग्नाची डेग लावणारं घर. जिथे बाटली आहे तिथे मी स्वतः वाढणार नाही, असं सांगूनच त्याने काम घेतलं होतं आणि भिंतीमागे डेगेजवळ खुर्ची टाकून बसला होता. आमचे साहेब धावत त्याच्याकडे गेले.

"आपने ग्यारह बोला था साहब," तो जागचा न उठता म्हणाला. "अभी तो दम पे रखी है. मेहमानों की उतर गई तो मैं क्या करूं, चावल को भी ताक पिलाऊं?"

साहेब तिथून वळले ते आमच्या शेगडीशी आले. पाठोपाठ मॅडम, हातात ते कार्ड.

"बाई, हे काय केलंत तुम्ही?"

"नाव मी आधीच सांगितलं होतं, साहेब. मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलंय. आणि स्टार्टर भूक लावणारे हवेत, असं कात्रणात होतं. लागली."

"तुमच्या आईला तरी कळायला हवं होतं!"

आईने झारा कढईच्या काठावर ठेवला. "साहेब, तुमी शाळेत पोराईले शपत देता ना, दारू पेऊ नका म्हून? तेच म्या केलं. तुमी तोंडानं देता, म्या तोंडात देल्ली."

भिंतीपलीकडून खानसाम्याचं "वाह, अम्मा" एवढं ऐकू आलं. पाहुणे तोवर भुकेने डेगेभोवती गोळा झाले होते आणि तो त्यांना लांब उभं राहायला सांगत होता.

पंधरवड्यात माझी ऑर्डर आली. प्रशासकीय कारणास्तव, सिरोंचा.

आईला वाचून दाखवली. "प्रशासकीय कारन म्हंजे काय व्हते?"

"वडे, माय."

दोन दिवस ती गावाला जाऊन राहिली. मला वाटलं, ठरलं, आता दोन चुली. मी माझ्यापुरती पेटी भरायला घेतली. तिसऱ्या दिवशी ती परत आली. डोक्यावर गाठोडं, हातात कढई. म्हणाली, "तळनारी मी, अन् शिक्षा तू एकटीच काऊन भोगशीन? गाव काई पळून नाई जात." एवढ्यावर मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती परत गेली असती.

मॅडमचं पुढे ऐकायला मिळालं. साहेबांची बदली नागपूरला झाली, आणि तिथल्या क्लबात त्या दर पार्टीला एक स्टार्टर हमखास ठेवतात. नाव उतारा. ट्रायबल रेसिपी म्हणून सांगतात, आपण स्वतः जंगलातून शोधून आणली म्हणतात. पिणारे आवडीने खातात म्हणे. खोटं वाटत नाही.

आणि सिरोंचा. पहिल्याच रविवारी आईला बाजारात घेऊन गेले. तिला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता आणि ती माझ्या पदराला धरून चालत होती. भाजीच्या ओळीत आलो आणि तिने पदर सोडला. जिकडे पाहावं तिकडे अंबाडीचे ढीग. हिरव्या देठाची, लाल देठाची, जुड्याच जुड्या. "गोंगुरा, गोंगुरा," विकणारी बाई ओरडत होती. आईने एक पान तोडून चावलं. डोळे मिटले, उघडले.

"बाप्पा! ह्या तं गावचा गाव रोजचा उतारा खाऊन राह्यला. मंग याहिले चढते कवा?"

"विचारून बघ."

तिने खुणा करून चार जुड्या घेतल्या, पिशवीत नीट उभ्या ठेवल्या आणि घराकडे वळता वळता म्हणाली, "अन् तुह्या ह्या नव्या साहेबाची बढती कवा हाय?"